नोरीन टिडमोरचा गुरुवार

आमच्या काउंटीच्या कोर्टात शिरलं की डाव्या हाताला करवसुलीची खोली आणि उजव्या हाताला प्रोबेट कोर्टाचं, म्हणजे मृत्युपत्रांचं आणि परवान्यांचं, कार्यालय. मधे नऊ फुटांची मोकळी जागा. डावीकडच्या खोलीत मी एकतीस वर्षं बसतो आहे. येत्या मार्चमध्ये उठेन. उजवीकडे, दोन नंबरच्या खिडकीमागे, नोरीन टिडमोर बसते. दोन्ही दारं उघडी असली की माझ्या खुर्चीतून तिची खिडकी सरळ दिसते, आणि दक्षिण जॉर्जियातल्या उकाड्यात दारं उघडीच असतात.

लग्नाचे परवाने, मृत्युपत्रं आणि पिस्तूल बाळगण्याचे परवाने ही तिची तीन कामं. ती म्हणायची, "माझ्या खिडकीशी माणूस तीनच कारणांनी येतो. कुणीतरी आवडलं म्हणून, कुणीतरी मेलं म्हणून, नाहीतर कुणाची तरी भीती वाटते म्हणून."

पहिल्या दोघांना ती त्याच दिवशी मोकळं करायची. तिसऱ्याला नाही. पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज ती लगेच भरून घ्यायची, सही घ्यायची, आणि मग एका पिवळ्या चिठ्ठीवर आपल्या गोल अक्षरात दिवस आणि वेळ लिहून द्यायची. दिवस नेहमी गुरुवार. बोटांचे ठसे गुरुवारीच. असा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, ठशांचं यंत्र आठवडाभर चालायचं. पण माणूस सोमवारी दातओठ खात आला तर गुरुवारपर्यंत तो दोनदा जेवलेला, झोपलेला असतो, एखाद्या भावाशी बोललेला असतो, असा तिचा हिशेब. कुणी हुज्जत घातली तर ती चष्म्यावरून बघायची. "बाळा, यंत्राला विश्रांती लागते. तुलाही लागते. गुरुवारी ये."

लोक तिची थट्टा करत. रस्त्यात भेटले की विचारत, "मिस नोरीन, देव किती दिवसांत जग बनवून मोकळा झाला?"

"माझ्याकडे आला असता तर गुरुवारपर्यंत थांबला असता, आणि चिलटं बनवली नसती," ती म्हणायची आणि ओठाच्या कोपऱ्यातून फुंकर मारून तोंडावरची चिलटं उडवायची. इथं सगळेच तशी फुंकर मारतात.

जे गुरुवारी परत आलेच नाहीत, त्यांचे अर्धे राहिलेले अर्ज ती फेकत नसे. घड्या घालून बिस्किटांच्या एका निळ्या गोल डब्यात ठेवायची. सव्वीस वर्षांत त्रेचाळीस अर्ज जमले होते. तो डबा म्हणजे तिची कमाई होती. कधी जेवणाच्या सुट्टीत झाकण उघडून एखादी घडी बोटानं दाबायची आणि मला म्हणायची, "हा बघ. शेजाऱ्याला मारायला निघाला होता. आता दोघं मिळून मासे धरतात."

मग राजधानीत नव्या कायद्याचा मसुदा आला. परवाना नको, अर्ज नको, ठसे नकोत. ज्याला बंदूक विकत घेता येते त्यानं ती कमरेला लावून खुशाल फिरावं. गावात दोन तट पडले. केस कापायच्या दुकानात, शेंगदाण्याच्या गिरणीत, चर्चच्या पायऱ्यांवर तोच विषय. एक म्हणे, घटनेनं दिलेला हक्क वापरायला मी कोर्टाच्या बाईची परवानगी का मागू? दुसरा म्हणे, मासे धरायला परवाना लागतो, कुत्रं पाळायला लागतो, आणि याला नको? आमचे जजसाहेब गप्प राहिले, कारण त्यांना निवडून यायचं होतं. नोरीन गप्प राहिली नाही. एक दिवसाची रजा टाकून, डबा मांडीवर ठेवून ती अटलांटाला गेली आणि आमदारांच्या समितीपुढे बोलली.

तिचं बोलणं आम्ही माझ्या खोलीत संगणकावर पाहिलं. नेहमीचा निळा झगा, नेहमीची मोत्यांची माळ, आणि समोर डबा. तिनं एक अर्ज उलगडून दाखवला, नाव झाकून. "ही बाई नऊ वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका सोमवारी माझ्याकडे आली. एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा. मी तिला गुरुवारी बोलावलं. ती आली नाही. आजही नवऱ्याच्या शेजारी बसून चर्चमध्ये गाते. तीन दिवस मिळाले म्हणून एक घर वाचलं."

एका तरुण आमदारानं विचारलं, "बाई, ती का आली नाही हे तुम्ही तिला विचारलंत?"

"साहेब, आमच्या काउंटीत विचारावं लागत नाही. आम्हाला एकमेकांचं सगळं ठाऊक असतं."

सभागृह हसलं. माझ्या खोलीतही आम्ही हसलो.

कायदा पास झाला. नोरीनच्या खिडकीपुढची रांग आटली. शेजारच्या राज्यांत अजून परवाना लागतो म्हणून तिकडे जाणारे काही ट्रकवाले तेवढे तो मागायला येत. तिला त्याचं वाईट वाटलं, पण भीती त्यानं आली नाही. ती आली किराणा दुकानात, डेल्बर्ट स्पायव्हीच्या रूपानं.

डेल्बर्ट कापसाची सरकी काढणाऱ्या जिनवर यंत्रं दुरुस्त करतो. उंच, सावकाश बोलणारा, बायकांना वाट देणारा, टोपी काढून नमस्कार करणारा. त्याला परवाना नाकारला गेला होता. त्याच्या नावावर गुन्हा नव्हता, पण त्याच्या घरून तीनदा शेरीफला फोन गेले होते. तिन्ही वेळा बायकोनं, ट्वायलानं, दारातच डेप्युटीला परत पाठवलं, काही झालं नाही म्हणून. त्या तीन फोनांच्या नोंदी शोधून जजसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या त्या नोरीननं. चांगल्या चालीच्या माणसालाच परवाना, अशी तेव्हा अट होती. जजसाहेबांनी नाही म्हटलं. डेल्बर्टनं आवाजही चढवला नव्हता. "आभारी आहे, मिस नोरीन," एवढंच म्हणून तो गेला होता.

कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात नोरीन दुकानात मक्याचं पीठ घेत होती. मागून आवाज आला.

"मिस नोरीन, बऱ्या आहात ना?"

ती वळली. टोपी हातात होती. कमरेला चामड्याच्या म्यानात काळं पिस्तूल.

"बरी आहे, डेल्बर्ट."

"अटलांटात छान बोललात. मी तीनदा पाहिलं." तो हसला. "आज वार कुठला हो?"

"मंगळवार."

"अरेच्चा. मला वाटलं गुरुवार." तिच्या टोपलीतलं पीठ कलंडलं होतं, ते त्यानं नीट उभं केलं. "जपून जा. हल्ली कोण काय घेऊन फिरतं, सांगता येत नाही."

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी म्हणालो, शेरीफला सांग. ती म्हणाली, "काय सांगू? की पीठ सरळ केलं?"

त्यानंतर ती बदलली. गाडी कोर्टाच्या अगदी दाराशी लावू लागली. कुणी खिडकीशी आलं की आधी कमरेकडे बघायची, मग तोंडाकडे. आणि एका सोमवारी तिनं आपल्याच खिडकीत बसून आपल्याच नावाचा अर्ज भरला. मला वाटलं चेष्टा करते आहे. तिचा नवरा हॉइट वारला तेव्हा त्याचं एक आखूड रिव्हॉल्व्हर कपाटात राहिलं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना परवाने देऊन तिनं स्वतः ते कधी हातात धरलं नव्हतं. अर्जावर सही करून तिनं पिवळी चिठ्ठीही लिहिली. पण गुरुवारची वाट तिनं पाहिली नाही. परवाना लागतच नव्हता. मंगळवारी ती झगा सोडून पँट घालून आली आणि कोर्टाच्या दारातल्या तपासणीपाशी थबकून परत गाडीकडे गेली. कोर्टात बंदुकीला अजून मनाई आहे. ते गाडीत कुलपात ठेवून ती आली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती.

"पर्समध्ये ठेवायचं नाही म्हणतात," ती मला म्हणाली. "दुकानदारानं सांगितलं, पर्स कुणीही ओढतं. कमरेलाच हवं."

"तुला चालवता येतं?"

"हॉइटनं एकदा शिकवलं होतं. टरबुजावर."

"लागलं?"

"टरबूज अजून जिवंत असेल."

आम्ही हसलो, पण ते हसणं पूर्वीचं नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या रविवारी आमच्या इथल्या बॅप्टिस्ट चर्चचं होमकमिंग असतं. गाव सोडून गेलेली मंडळी परत येतात, पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढतात, आणि मग ओकच्या झाडांखाली लांबच लांब टेबलांवर घरोघरचं जेवण मांडलं जातं. मी त्या धर्माचा नाही, पण पंचवीस वर्षं माझ्या बायकोची शेंगदाण्याची चिक्की त्या टेबलावर जाते. चर्चमध्ये बंदूक आणू द्यावी की नाही यावर एप्रिलमध्ये मतदान झालं होतं. अकरा विरुद्ध नऊ मतांनी आणू द्यावी असं ठरलं. त्या दिवशी तळलेली कोंबडी वाढून घेणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या कमरेला काही ना काही होतं. वाकले की टेबलाच्या कडेला खट् वाजायचं. डेल्बर्ट पलीकडच्या टोकाला म्हाताऱ्यांना थंड चहा ओतून देत होता.

प्रार्थनेआधी नोरीन चर्चमागच्या बायकांच्या प्रसाधनगृहात जाऊन आली. मग आमच्या टेबलावर बसली. बटरबीन्स खाल्ले, अंडं खाल्लं, कुणाच्या तरी नातसुनेचं कौतुक केलं. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठली आणि उठता उठता तिचा हात कमरेला गेला. तो तिथंच राहिला.

तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला. "आत राहिलं," ती म्हणाली. "पँट सोडताना ते निसटायला लागलं. म्हणून काढून भिंतीवरच्या टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवलं. तिथंच राहिलं."

"किती वेळ झाला?"

तिनं घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं."

आम्ही पळालो नाही. पळालो असतो तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. झपझप चालत मागच्या बाजूला गेलो. दारातून सात-आठ वर्षांच्या दोन मुली ओले हात एकमेकींवर झटकत बाहेर आल्या, खिदळत. नोरीननं दोघींचे हात धरले, उलटसुलट करून पाहिले, झग्यांचे खिसे चाचपले. मुली घाबरून गप्प झाल्या. तिनं त्यांना सोडलं आणि आत गेली. मी बाहेर उभा. आतून एकेक दार आपटल्याचा आवाज, मग काहीच नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"नाहीये."

झाडांखाली दीडशे माणसं जेवत होती. चाळीस तरी मुलं पळत होती, टेबलांखाली, थडग्यांमधून. त्यातल्या कुठल्या हातात ते असेल, कुठल्या पिशवीत, काही कळत नव्हतं. आणि पलीकडे डेल्बर्ट हातात चहाची सुरई घेऊन नेमका आमच्याकडे बघत होता. माझ्या मनात आलं ते तिच्याही मनात आलं असणार.

"मी पास्टरला सांगते," नोरीन म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते. मुलांना आधी आत घ्यायला हवं."

सव्वीस वर्षं बंदुकांवर बोट उगारणारी बाई आपलीच बंदूक शौचकुपात विसरली, हे भर पंगतीत सांगायचं. तरी ती निघाली. स्वयंपाकघराच्या दारावरून जाताना आतून कुणीतरी हळू आवाजात हाक मारली.

"मिस नोरीन. ओरडू नका. माझ्याकडे आहे."

ट्वायला स्पायव्ही भांडी घासत होती. एकटीच. तिची कापडी पिशवी पोटाशी लटकवलेली होती आणि फेसाळलेल्या हातानं तिनं ती दाबून धरली होती. नोरीन दाराच्या चौकटीला टेकली.

"देव तुझं भलं करो, बाळा. दे इकडे."

"गुरुवारी देते."

"ट्वायला, ही चेष्टेची वेळ नाही. त्यात सहा गोळ्या आहेत."

"पाच. मी उघडून पाहिलं." ट्वायलानं नळ बंद केला. "तुम्ही मला गुरुवारी बोलावलं होतं. आठवतं?"

"आठवतं. तू आली नाहीस."

"आले नाही नव्हे, येता आलं नाही. बुधवारी त्याला ती पिवळी चिठ्ठी सापडली. तुमचं अक्षर गावात सगळे ओळखतात. 'गुरुवार, सकाळी दहा.' कशासाठी ते त्याला विचारावंही लागलं नाही." तिनं उजवा हात पुढे केला. मनगट जरा वाकडं होतं. मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "मी पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. तुम्ही भेटायला आलात. कोंबडी-भात घेऊन."

नोरीननं डोळे मिटले.

"आणि फेब्रुवारीत तुम्ही माझा कागद घेऊन अटलांटाला गेलात. लांब बाह्या, ऑगस्ट, चर्चमधलं गाणं. त्यानं फोनवर लावून मला शेजारी बसवलं. 'ही तूच ना?' म्हणाला. रोज रात्री जेवताना विचारतो. आवाज न चढवता. 'ही तूच ना, ट्वायला?' आता पिस्तूल ताटाशेजारी ठेवून जेवतो." तिनं पिशवी अजून घट्ट धरली. "मला गुरुवारपर्यंत हे राहू द्या. काही करणार नाही. चार रात्री झोप तरी लागेल."

बाहेर कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. नोरीन चौकटीला टेकून होती. तिच्यासमोर दोनच वाटा होत्या आणि दोन्ही तिच्याच खिडकीतून निघालेल्या. दिलं, तर त्या घरात आता दोन पिस्तुलं झाली असती, आणि चार दिवसांत त्यातलं एक उडालंच असतं. कुणाचं आधी, एवढाच प्रश्न. हिसकावून घेतलं, तर ट्वायला रिकाम्या हातानं त्याच्या शेजारी बसून घरी गेली असती.

"गुरुवार नाही," ती शेवटी म्हणाली. "आत्ता. तू माझ्याबरोबर चल."

"कुठं? तुमच्या घरी? तो पहिला तिथंच येईल. तुम्हालाही..."

"कोर्टात. या काउंटीत कमरेला लावून जिथं शिरता येत नाही अशी ती एक जागा उरली आहे. तुरुंगाच्या बाजूला रविवारीही डेप्युटी असतो." ती माझ्याकडे वळली. "तुझी गाडी मागच्या दाराशी आहे ना?"

होती. मी हो म्हणालो आणि किल्ली काढली. बायकोला मी पास्टरच्या बायकोपाशी सोडलं. काय चाललं आहे ते सांगायलाही वेळ नव्हता.

ट्वायला हात पुसून निघाली. एप्रनही काढला नाही. गाडी ओकच्या झाडांना वळसा घालून रस्त्याला लागली तेव्हा डेल्बर्टनं सुरई टेबलावर ठेवली. घाई केली नाही. रुमालानं हात पुसले, शेजारच्या म्हातारीला काहीतरी म्हणाला, टोपी घातली. दोन मैलांवर माझ्या आरशात त्याचा पांढरा ट्रक दिसला. त्यानं अंतर कमी केलं नाही, वाढवलं नाही. कोर्टापर्यंतचे चौदा मैल तो तसाच मागे होता. मागच्या बाकावर दोघी बायका पिशवी मधे ठेवून बसल्या होत्या. मधे एकदा नोरीन म्हणाली, "वेगमर्यादा पाळ," एवढंच.

तुरुंगाच्या दारात डेप्युटीनं पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढून गोळ्या वेगळ्या केल्या आणि कपाटात ठेवलं. नोरीननं ते आजपर्यंत परत मागितलेलं नाही. समोर, हार्डवेअरच्या बंद दुकानाच्या सावलीत, पांढरा ट्रक थांबला होता. डेप्युटी जाऊन बोलून आला.

"काय म्हणतो?"

"सावलीत बसलोय म्हणतो. उकडतंय म्हणतो."

"पिस्तूल?"

"कमरेला आहे. असू दे, चालतं आता." डेप्युटी तरुण होता, त्यालाही घाम फुटला होता. "मागच्या वर्षी मी परवाना दाखव म्हटलं असतं आणि नाही म्हटल्यावर त्याला इथंच आत घेतला असता. आता त्यानं काय केलं म्हणून लिहू, मिस नोरीन? सावलीत बसला म्हणून?"

संरक्षणाचा आदेश मागायचा कागद मांडला, तर ट्वायलानं तो हातानं सारला. "एका कागदानं हात मोडला. दुसरा नको." तिला फक्त टेनेसीतल्या बहिणीकडे जायचं होतं. जायच्या आधी तिनं नोरीनला विचारलं, "तो डबा कुठाय?"

नोरीननं आपली खोली उघडून डबा आणला. ट्वायलानं आपला अर्ज शोधून काढला, नऊ वर्षांपूर्वीची आपली सही बघितली आणि कागद पिशवीत टाकला. मग मागच्या दारानं, डेप्युटीच्या गाडीत आडवी होऊन ती गेली. ट्रक अंधार पडेपर्यंत तिथंच होता.

सोमवारी मी कामावर आलो तेव्हा नोरीन डबा उघडून फोनपाशी बसली होती. बेचाळीस अर्ज एकावर एक रचलेले. "विचारायचं राहिलं होतं," ती म्हणाली. एकेका नंबरावर फोन लावून तिनं विचारलं, तुम्ही गुरुवारी का आला नाहीत? सात जण वारले होते. बरेच हसले; राग गेला म्हणाले, आठवतही नाही म्हणाले. एकानं आभार मानले आणि रडला. पाच बायका होत्या. त्यातल्या तिघींनी काही न बोलता फोन ठेवला. त्या तिघींचे अर्ज तिनं परत डब्यात टाकले नाहीत. ते तिच्या टेबलावर काचेखाली आहेत.

आणि त्या आठवड्यापासून डेल्बर्ट यायला लागला. दर गुरुवारी, सकाळी दहाला. हार्डवेअरच्या दुकानासमोर ट्रक लावायचा, काच खाली करायचा आणि अकरापर्यंत कोर्टाच्या दाराकडे बघत बसायचा. कुणी ओळखीचं दिसलं की टोपीला हात लावायचा. शेरीफ दोनदा बोलून आले. रस्ता सार्वजनिक आहे, तो म्हणाला, आणि गुरुवारी मला सुट्टी असते. नोरीन दहा ते अकरा खिडकीतून हलायची नाही. हलणं म्हणजे त्याला दिसणं. पण तो आहे, हे तिला बाहेरच्या दाराच्या काचेतून पाहावंच लागायचं. अकराला ट्रक निघाला की ती फोन उचलायची, टेनेसीत लावायची आणि म्हणायची, "इथं होता. आत्ता गेला." एवढंच. पलीकडून ट्वायला म्हणायची, "बरं." ज्या तासाला तो इथं आहे, त्या तासाला तो तिथं नाही, दोघींना आठवड्यातला तेवढाच एक तास निर्धास्त मिळत होता.

असे अकरा गुरुवार गेले.

बाराव्या गुरुवारी दहा वाजले. मी दारातून बाहेर पाहिलं. हार्डवेअरसमोरची जागा रिकामी होती. सव्वादहा झाले. एक बाई तिथं गाडी लावायला आली, तेव्हा नोरीन खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. साडेदहाला ती माझ्या दाराशी आली.

"तुझ्या घड्याळात किती?"

"तेवढेच."

"आजारी असेल."

"असेल."

जिनवर फोन केला. त्यांनी सांगितलं, डेल्बर्टनं सोमवारपासून आठवड्याची रजा घेतली आहे. कुठं गेला ते माहीत नाही. मासे धरायला असेल.

नोरीननं टेनेसीचा नंबर फिरवला. चष्मा काढून ठेवला. मी नऊ फुटांवर, माझ्या दारात उभा होतो. घंटी वाजत होती ती मला ऐकू येत नव्हती, पण तिच्या हनुवटीवरून मोजता येत होती. चार. पाच. सहा.

"ट्वायला?" ती म्हणाली. मी श्वास सोडला. "बाळा, तो तिथं आहे का?"

ती ऐकत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "इथंही नाही."

पलीकडे दाराला कडी घातल्याचा, पडदा ओढल्याचा आवाज झाला असावा, कारण नोरीन मान हलवत होती. मी शेरीफकडे निरोप दिला आणि त्यांच्या माणसानं तिकडच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी विचारलं, त्यानं काही केलं आहे का? नाही, आमचा माणूस म्हणाला, अजून काही नाही.

खिडकीशी एक तरुण जोडपं लग्नाच्या परवान्यासाठी येऊन उभं राहिलं होतं. मुलानं काचेवर हळूच टकटक केली. नोरीननं त्यांच्या कमरेकडे पाहिलं, मग तोंडाकडे. फोन कानाशी तसाच धरून, दुसऱ्या हातानं तिनं त्यांच्याकडे कोरा अर्ज सरकवला.

"ठेवू नकोस," ती फोनमध्ये म्हणाली. "मीही ठेवत नाही."